तळ्यात मोरचूद टाकावे का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले विज्ञान शिक्षक मार्च महिन्यात आमच्याकडे आले, ते हातात एक बाटली घेऊनच. बाटलीतले पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखे हिरवे होते. गावच्या तळ्यातले ते पाणी. दिवाळीपर्यंत ते बरे होते, संक्रांतीनंतर हिरवट होऊ लागले आणि आता त्यावर साय धरली होती. गावातली ढोरे याच तळ्यावर पाणी पितात, बाया तिथेच धुणे धुतात, आणि मच्छीमार संस्थेने त्यात कटला-रोहूचे बीज सोडले आहे. एका पहाटे मोठमोठे मासे पोट वर करून तरंगताना दिसले, तेव्हा गावात बैठक झाली. ‘‘काय टाकलं म्हंजे हे जाईन?’’ एवढाच प्रश्न होता. कोणीतरी मोरचूद सुचवले. ते दुकानात मिळते, फार महाग नसते, आणि संत्र्याच्या झाडांना बोर्डो मिश्रण लावणाऱ्यांच्या ते ओळखीचेही असते. वर्गणी जमली. फक्त किती किलो टाकायचे, ते सायन्सच्या सरांनी सांगायचे होते. सर तेच विचारायला आले होते.

आम्ही त्यांना म्हणालो, ‘‘सर, आज काही टाकू नका.’’ असे का म्हणालो आणि मग काय करायचे ठरले, ते या लेखात सांगत आहोत. तळे गावोगावी आहे, शेततळे आता शिवारोशिवारी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली, तेव्हापासून तर हा प्रश्न पुष्कळ कास्तकारांचा झाला आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्याजोगे विज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

हिरवे, पण कोणते हिरवे?

‘शेवाळ’ या एका शब्दात आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिले केसाळ शेवाळ. हाताला रेशमाच्या लडीसारखे लागते, काठी फिरवली की तिला गुंडाळून बाहेर येते. पाठ्यपुस्तकातले स्पायरोगायरा यांपैकीच. दुसरी, पाण्यात विखुरलेली एकपेशीय हिरवी शेवाळे. ती काठीला लागत नाहीत, पण सगळे पाणीच हिरवे दिसते. तिसरे नील-हरित शैवाल. नाव शैवाल असले तरी ते खरे तर जिवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. त्यांतल्या मायक्रोसिस्टिससारख्या काही जातींच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे त्या वारा पडला की वर तरंगतात आणि पाण्यावर कोणी हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर दिसतो.

पहिल्या दोघांशी आपले भांडण नसावे. तळ्यातली अन्नसाखळी त्यांच्यापासूनच सुरू होते. मत्स्यशेती करणारे तर पाणी थोडे हिरवे व्हावे म्हणून तळ्यात मुद्दाम शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतात. किती हिरवे चालेल, याची त्यांची खूणही सोपी आहे: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसत राहिला तर ठीक, त्याआधीच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झाले.

तिसऱ्याशी मात्र जपून वागावे लागते. नील-हरित शैवालांच्या काही जाती विषे तयार करतात. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका सरोवराची हकिगत लिहिली. पाण्यावर आलेला असा थर पिऊन तिथली गुरे-मेंढरे मेली होती. मायक्रोसिस्टिन हे यांतले एक विष यकृतावर घाला घालते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा, जास्त नसावे अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातली आहे. पाणी उकळून हे विष जात नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

यातले कोणते शेवाळ आपल्या तळ्यात आहे, हे ओळखण्याची एक कृती वर्गात करता येते. हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरून तळ्याचे पाणी आणा आणि ती रात्रभर सावलीत न हलवता ठेवा. सकाळी हिरवा रंग तळाशी बसला किंवा पाण्यात तसाच पसरलेला असला, तर बहुधा साधी हिरवी शेवाळे आहेत. रंग वर येऊन कडे धरून बसला, तर नील-हरित शैवालाचा संशय घ्यावा आणि त्या पाण्यापासून गुरे व मुले दूर ठेवावीत. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. सरांच्या बाटलीतला रंग दुसऱ्या दिवशी वर आलेला होता.

खुराक कुठून येतो?

शेवाळाला वाढायला ऊन, ऊब आणि खुराक लागतो. पहिल्या दोन गोष्टींची विदर्भात कमी नाही. तेव्हा प्रश्न खुराकाचा उरतो. कार्बन हवेतून मिळतो. नायट्रोजनही हवेत भरपूर आहे, आणि नील-हरित शैवालांच्या अनेक जाती तो थेट हवेतून घेऊ शकतात. फॉस्फरस मात्र हवेतून मिळत नाही. तो जमिनीवरून, पाण्याबरोबरच यावा लागतो.

हे किती निर्णायक ठरते ते कॅनडातल्या एका प्रयोगाने डोळ्यांना दिसेल असे दाखवले. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंटारिओ प्रांतातले डमरूच्या आकाराचे एक लहान सरोवर निवडले. त्याला नाव नव्हते, क्रमांक होता: २२६. डमरूच्या कमरेत त्यांनी जाड प्लॅस्टिकचा पडदा घालून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. काही आठवड्यांतच फॉस्फरसचा भाग नील-हरित शैवालाने भरून गेला. पडद्यापलीकडचा भाग पूर्वीसारखाच राहिला. विमानातून काढलेले त्या सरोवराचे छायाचित्र पुढे जगभर छापले गेले.

आता हाच हिशेब आपल्या शिवारात करू. पाण्यातल्या शेवाळाच्या शरीरात सरासरीने फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असतात. हे प्रमाण अल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळवून अणुभारांची बेरीज केली, तर १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे ११४ ग्रॅम कोरडे शेवाळ पोसले जाऊ शकते असे उत्तर येते. ओले शेवाळ बहुतांश पाणीच असते. म्हणजे पाण्यातले वजन किलोभर किंवा त्याहूनही जास्त.

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, उतरत्या बाजूंचे शेततळे घ्या. त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. सरोवरांच्या अभ्यासातून १९८२ साली ठरवल्या गेलेल्या एका प्रसिद्ध वर्गवारीनुसार, घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस असलेले पाणी शेवाळाच्या दृष्टीने अतिपोषित समजले जाते. आपल्या शेततळ्याला ती पातळी गाठायला किती फॉस्फरस लागेल? २,२०० गुणिले १०० मिलिग्रॅम, म्हणजे २२० ग्रॅम.

डीएपी खताच्या पोत्यावर १८:४६ असे लिहिलेले असते. यातला ४६ हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा. शुद्ध फॉस्फरस त्याच्या ४४ टक्के, म्हणजे खताच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा. तेव्हा २२० ग्रॅम फॉस्फरस म्हणजे सुमारे १ किलो १०० ग्रॅम डीएपी. ५० किलोच्या एका पोत्यातले किलोभर खत पावसाबरोबर वाहून शेततळ्यात उतरले आणि पाण्यात विरघळून राहिले, तर २२ लाख लिटर पाणी हिरवेगार होण्याइतका खुराक झाला! हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा सर बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. त्यांचे स्वतःचे शेत तळ्याच्या वरच्या अंगाला होते.

वर्षभराचा क्रम

आपल्या जिल्ह्यात हे कसे घडते, त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. पऱ्हाटी आणि सोयाबीनची पेरणी जूनमध्ये होते. खत त्याच वेळी पडते आणि मोठा पाऊसही त्याच सुमाराला येतो. पिकाची मुळे अजून पसरलेली नसतात, जमीन उघडी असते. फॉस्फरस मातीच्या कणांना घट्ट चिकटतो, म्हणून तो पाण्यात विरघळून जातो त्यापेक्षा मातीबरोबर जास्त जातो. धुऱ्यावरून वाहणारे गढूळ पाणी म्हणजे खरे तर वाहते खत. त्यातच गावाच्या बाजूने नाल्यांचे सांडपाणी, उकिरड्यांचा निचरा, धुण्याचे पाणी आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या ढोरांचे शेण-मूत येऊन मिळते.

पावसाळ्यात मात्र शेवाळ फारसे दिसत नाही, कारण गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. दिवाळीच्या सुमाराला गाळ खाली बसतो, पाणी निवळते, आणि आपल्याला वाटते, पाणी स्वच्छ झाले. शेवाळाच्या दृष्टीने त्याच दिवशी पडदा उघडतो. ऊन आत जाऊ लागते. फेब्रुवारीपासून ऊब वाढते आणि पाणी आटू लागते. बाष्पीभवनाने पाणी जाते, फॉस्फरस जात नाही. तळे निम्मे झाले तर उरलेल्या पाण्यात तो जवळपास दुप्पट दाट होतो. म्हणूनच तक्रारी बहुधा मार्च ते मे या महिन्यांत येतात, आणि नेमक्या तेव्हाच पाण्याचा थेंब न् थेंब हवा असतो. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले होते, तेव्हा शहराने काय सोसले ते जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. अशा दिवसांत असलेले पाणी बिघडवून चालणार नाही.

मासे पहाटेच का मरतात?

सरांच्या विद्यार्थ्यांनी विचारलेला एक प्रश्न चांगला होता. वनस्पती तर ऑक्सिजन देतात, मग शेवाळाने भरलेल्या तळ्यात मासे गुदमरतात कसे?

प्रकाशसंश्लेषण दिवसा चालते, श्वसन चोवीस तास. दुपारी हिरव्या तळ्यात ऑक्सिजन मावेनासा होतो, बुडबुड्यांनी वर येतो. सूर्य मावळला की तो तयार होणे थांबते, पण शेवाळ, मासे, जिवाणू आणि तळचा कुजणारा गाळ असे सगळेच तो वापरत राहतात. ३० अंश तापमानाला पाणी लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅमच ऑक्सिजन धरून ठेवू शकते. रात्रभरात तो संपत जातो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की कटला-रोहू पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. आभाळ भरून आलेले दोन दिवस किंवा शेवाळ एकदम मरून कुजणे अशा वेळी धोका जास्त.

हे श्वासाचे चक्र फिनॉल्फथॅलीनने दाखवता येते. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेते तेव्हा पाणी अल्कधर्मी होत जाते. तळ्याचे पाणी सकाळी सूर्योदयाला एकदा आणि दुपारी तीनच्या सुमाराला एकदा आणून त्यात या दर्शकाचे दोन-चार थेंब टाका. सकाळचे पाणी बहुधा रंगहीन राहते, शेवाळ जास्त असेल तर दुपारचे गुलाबी होते. तेच तळे, तोच दिवस. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला लावा आणि मग थेंब टाका.

मोरचुदाने काय होते?

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, शेवाळ मारते यात शंका नाही. जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०४ साली जलाशयांसाठी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. लिटरमागे मिलिग्रॅमच्या आसपासचे तांबेही अनेक शेवाळांना पुरते. मग आम्ही सरांना का थांबवले?

पहिले कारण म्हणजे हिशेब. शेवाळ मेले तरी त्यातला फॉस्फरस मरत नाही. पेशी फुटतात, कुजतात आणि खुराक पाण्यात परत येतो. दोन-तीन आठवड्यांत नवे पीक उभे राहू शकते, मग पुन्हा मोरचूद. तांबे दर वेळी गाळात साठत जाते.

दुसरे कारण म्हणजे ऑक्सिजन. सगळे शेवाळ एका दिवसात मेले तर ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. जे मासे वाचले असते तेही जातात. तांबे स्वतःही माशांना आणि गोगलगायींना विषारी असते. त्यात आपल्याकडचे पाणी पुष्कळदा कठीण असते. अशा पाण्यात तांबे कार्बोनेटच्या रूपात खाली बसते, गुण दिसत नाही, आणि लोक आणखी दोन मुठी टाकतात.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. नील-हरित शैवाल जिवंत असते तेव्हा बरेचसे विष पेशींच्या आत असते. पेशी फोडल्या की ते एकदम पाण्यात उतरते. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातल्या पाम बेटावर हेच झाले असावे असे मानले जाते. तिथल्या सॉलोमन धरणात शेवाळ वाढून पाण्याला वास येऊ लागला, म्हणून कॉपर सल्फेट टाकण्यात आले. काही दिवसांतच बेटावरचे सुमारे दीडशे लोक यकृत आणि मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. पुढे त्याच धरणातल्या नील-हरित शैवालापासून सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे विष वेगळे करण्यात आले.

सरांच्या बाटलीतला रंग वर तरंगत होता, आणि त्या तळ्यावर गावाची ढोरे पाणी पीत होती. आता आम्ही का थांबवले ते कळले असेल.

मग करायचे काय?

तळ्याकडे बँकेच्या खात्यासारखे पाहा. फॉस्फरस किती जमा होतो आणि किती बाहेर निघतो? हिरवा रंग ही फक्त शिल्लक आहे. ती कमी करायची तर जमा थांबवायची आणि खर्च वाढवायचा.

जमा थांबवण्याची कामे साधी आहेत. खत वरून न फेकता पेरून मातीत द्यावे आणि माती परीक्षणात निघेल तेवढेच द्यावे. उताराला आडवी पेरणी करावी. तळ्याच्या वरच्या बाजूला काही मीटर रुंदीचा गवताचा पट्टा राखावा. पाणी तळ्यात शिरते त्या तोंडाशी गाळ अडवणारा एक लहान खड्डा असावा आणि तो दर वर्षी उपसावा. गावाचा नाला तळ्यात न सोडता शोषखड्ड्याकडे किंवा परसबागेकडे वळवावा. ढोरांसाठी काठावर हौद बांधला तर ती पाण्यात उतरत नाहीत. धुण्याचा ओटा तळ्यापासून दूर, निचऱ्याच्या सोयीसह असावा. प्लॅस्टिकच्या अस्तराचे शेततळे विहिरीच्या पाण्याने भरतात. तिथे शेतातले वाहते पाणी आत येऊ न देणे आणखी सोपे असते.

खर्च वाढवण्याचा पहिला मार्ग म्हणजे केसाळ शेवाळ दाताळ्याने ओढून काढणे. पण ते काठावरच टाकू नका. पहिल्या सरीबरोबर ते परत आत जाईल. १०० किलो ओल्या शेवाळात साधारण १० किलो कोरडा भाग धरला, तर वरच्या हिशेबाने त्याबरोबर ८५-९० ग्रॅम फॉस्फरस बाहेर येतो. शेततळ्याला बिघडवायला २२० ग्रॅम पुरतात हे आठवा, म्हणजे या कष्टाची किंमत कळेल. ते शेवाळ कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे. नील-हरित थराला मात्र हात लावू नये.

दुसरा मार्ग माशांचा. चंदेरा हा मासा पाण्यात तरंगणारे शेवाळ गाळून खातो, गवत्या पाणवनस्पती खातो. पण मासा खातो तेवढेच बरेचसे पाण्यात टाकतोही. फॉस्फरस खऱ्या अर्थाने बाहेर जातो तो मासे पकडून बाजारात नेले त्या दिवशी. आणि पाणी आधीच हिरवे असेल, तर मासळीसाठी म्हणून शेण किंवा सुपर फॉस्फेट टाकणे थांबवलेच पाहिजे.

तिसरा आणि सर्वांत मोठा मार्ग म्हणजे गाळ काढणे. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडमधल्या सरोवरांवर दाखवून दिले की तळाशी ऑक्सिजन असेपर्यंत लोह फॉस्फेटला गाळात धरून ठेवते. ऑक्सिजन संपला की ती पकड सुटते आणि फॉस्फेट वरच्या पाण्यात येते. म्हणजे वरून काही आले नाही तरी जुना गाळ वर्षानुवर्षे व्याज देत राहतो. उन्हाळ्यात तळे उघडे पडले की हा गाळ काढून शेतात पसरावा. राज्य शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेचा भर बहुधा पाणीसाठ्यावर आणि जमिनीच्या सुपीकतेवर दिला जातो. शेवाळाच्या दृष्टीनेही ते तितकेच मोलाचे काम आहे. शेताचा फॉस्फरस शेताला परत मिळतो आणि तळ्याचे खाते हलके होते.

याशिवाय काही उपाय वेळ मारून नेण्यापुरते. लहान शेततळ्यावर शेडनेटची सावली केली तर ऊन आणि बाष्पीभवन दोन्ही कमी होतात. ठिबकसाठी पाणी घेताना फुटबॉलचे तोंड पृष्ठभागाच्या थराखाली आणि गाळाच्या वर असावे, आणि वाळूचा फिल्टर नियमित उलट्या प्रवाहाने धुवावा. तुरटी फॉस्फेटला बांधून तळाशी नेते, पण मात्रा चुकली तर पाणी आम्लधर्मी होऊन माशांना अपाय होतो, आणि जमा चालूच असेल तर पैसे वाया जातात. इंग्लंडमध्ये तळ्यात जवाचा पेंढा टाकतात. त्याने असलेले शेवाळ मरत नाही, नवी वाढ काही ठिकाणी मंदावते, काही ठिकाणी नाही. तेवढ्यावरून आपल्या तळ्यात ज्वारीचा कडबा लोटू नये. कुजणारा कडबा ऑक्सिजनच खाईल.

हे सगळे करून गुण येतो का? येतो, पण धीर लागतो. अमेरिकेतल्या सिएटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात सांडपाणी सोडले जात असे. १९५५ मध्ये तिथे नील-हरित शैवाल दिसले आणि डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राध्यापकांनी धोका ओळखला. लोकांनी मतदान करून खर्च मान्य केला आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवण्यात आले. पूर्वी उन्हाळ्यात मीटरभर खोलीवर दिसेनाशी होणारी पांढरी तबकडी १९७० च्या दशकात सुमारे तीन मीटरांपर्यंत दिसू लागली. सरोवरात शेवाळ मारणारे औषध ओतावे लागले नाही.

शाळेची तबकडी

ही पांढरी तबकडी कोणतीही शाळा बनवू शकते. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात ती प्रथम पद्धतशीरपणे वापरली. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या, पांढरा रंग द्या, मध्ये भोक पाडून दोरी ओवा आणि खाली दगड बांधा. दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. दुपारी बाराच्या सुमाराला, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पक्क्या घाटावरून ताटली सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी काढा. त्याच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत शेवाळ वाढण्याइतका प्रकाश पोहोचतो. सोबत तारीख, पाण्याचा रंग, पाण्याची पातळी, सकाळ-दुपारचा फिनॉल्फथॅलीनचा रंग आणि आदल्या आठवड्यातला पाऊस लिहा. पावसाळ्यात तबकडी मातीमुळे दिसेनाशी होते आणि उन्हाळ्यात शेवाळामुळे, म्हणून रंगाची नोंद विसरू नका.

दुसरा प्रयोग चार बाटल्यांचा. चारही पारदर्शक बाटल्यांत तळ्याचे किंचित हिरवट पाणी भरा. पहिलीत काही घालू नका. चिमूटभर युरिया लिटरभर पाण्यात विरघळवून त्यातला एक चमचा दुसरीत घाला. तसेच सुपर फॉस्फेटचे निवळलेले पाणी चमचाभर तिसरीत. चौथीत दोन्ही. बाटल्या खिडकीच्या उजेडात, पण कडक उन्हात नाही, अशा दोन आठवडे ठेवा. कोणती आधी हिरवी होईल, यावर वर्गात पैज लावायला हरकत नाही. कधीकधी युरियाची बाटली पुढे जाते. तसे झाले तर प्रयोग फसला असे समजू नका. त्या तळ्यात फॉस्फरसची शिल्लक आधीच किती असेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवा.

ते सर गावात परत गेले आणि त्यांनी पुढच्या बैठकीत २२० ग्रॅमचा हिशेब मांडला. सगळ्यांना तो पटला असे नाही. ‘‘वर्गणी जमली, न् तुम्ही म्हणता काही टाकूच नका?’’ असे त्यांना ऐकावे लागले. शेवटी वर्गणीच्या पैशातून काठावर ढोरांसाठी हौद बांधायचे ठरले, विहिरीच्या पाण्यावर चालणारा. मे महिन्यात तळ्याच्या एका कोपऱ्यातला गाळ काही कास्तकारांनी ट्रॅक्टरने शेतात नेला. गावाचा नाला मात्र अजून तळ्यातच येतो, आणि पुढच्या मार्चमध्येही पाणी हिरवट झालेच. पण शाळेच्या वहीत आता दर सोमवारची नोंद आहे, आणि नाला वळवण्याचा विषय ग्रामसभेत मांडताना नववीच्या मुली ती वही घेऊन गेल्या होत्या.

आपल्या शाळेजवळ तळे, शेततळे किंवा बंधारा असेल तर या जूनपासून अशी वही सुरू करा. पहिली सर येण्यापूर्वीची एक नोंद जरूर घ्या, पुढच्या सगळ्या नोंदी तिच्याशीच ताडून पाहायच्या आहेत. वर्षभराने त्या आम्हाला कळवल्यात तर आनंद होईल.